मे महिन्यात फाटक उघडं ठेवा

महाराष्ट्रातल्या शाळांचे संस्थाचालक आणि मुख्याध्यापक यांस,



वार्षिक परीक्षा संपते, निकाल लागतो, शिपाई एकेका वर्गाचं दार लावून घेतात आणि सगळ्यात शेवटी मैदानाच्या फाटकाला कुलूप पडतं. ते निघतं जूनच्या मध्यावर, विदर्भात त्याहूनही उशिरा. माझी विनंती त्या शेवटच्या कुलपापुरतीच आहे. वर्ग बंद राहू देत, कार्यालय बंद राहू दे. मैदान मात्र सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास आसपासच्या मुलांसाठी उघडं ठेवा. त्यासाठी फी घेऊ नका, शिबिर भरवू नका, शेवटच्या दिवशी प्रमाणपत्रंही वाटू नका. मुलं आपली आपण खेळतील.

मी पुण्यातल्या एका शाळेत क्रीडाशिक्षिका होते, आता निवृत्त आहे. हे पत्र सरकारला लिहावं असं काहींनी सुचवलं. पण सरकारला लिहिलं की परिपत्रक निघतं, परिपत्रकाचा अनुपालन अहवाल जातो, आणि कुलूप जागच्या जागी राहतं. किल्ली तुमच्या टेबलाच्या खणात आहे, म्हणून थेट तुम्हालाच लिहिते आहे.

सुट्टीत मुलं भरपूर हुंदडतात आणि शाळेत बसून बसून आंबतात, असा आपला जुना समज आहे. तो तपासून पाहावा असा एक अभ्यास अमेरिकेत झाला. २०१० साली तिथल्या बालवाडीत दाखल झालेल्या सुमारे १८ हजार मुलांची उंची आणि वजन दुसरीच्या अखेरीपर्यंत ठराविक काळाने मोजत गेले. या काळात लठ्ठ मुलांचं प्रमाण ८.९ टक्क्यांवरून ११.५ टक्क्यांवर गेलं. २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा कळलं, की ही सगळी वाढ मधल्या दोन उन्हाळी सुट्ट्यांमध्ये झाली होती. शाळा चालू असताना ती झालीच नाही. तिथली सुट्टी आपल्यापेक्षा लांब, खाणंपिणं निराळं. तेव्हा ते आकडे जसेच्या तसे आपल्याकडे लावता येणार नाहीत. कारण मात्र आपल्याही घरात दिसतं. शाळेच्या दिवसाला एक चौकट असते. ठराविक वेळी उठायचं, जिने चढायचे, रांगेत जायचं, मधल्या सुट्टीत डबा संपवून उरलेली दहा मिनिटं जिवाच्या आकांताने पळायचं, रात्री वेळेवर झोपायचं. सुट्टी लागली की ही चौकट एका दिवसात मोडते. मूल दहाला उठतं, दुपार पंख्याखाली मोबाइल घेऊन जाते, हाताशी वेफर्सचं पाकीट असतं, आणि संध्याकाळी उन्हं उतरल्यावर जायचं कुठे, याचं उत्तर आईबापांकडेही नसतं.

पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी साठ मिनिटं तरी धाप लागेल अशी हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. याच संघटनेच्या संशोधकांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीनुसार अकरा ते सतरा वर्षांची जगभरातली ८१ टक्के मुलंमुली तेवढंही हलत नाहीत. हे शाळेसकटचं चित्र आहे. शाळा वजा केल्यावर काय उरत असेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

‘आमच्या वेळी’ हे पालुपद मला लावायचं नाही. आमच्या वेळी वाड्याला अंगण होतं आणि गल्लीत दिवसाकाठी चार मोटारी येत, म्हणून आम्ही खेळलो. आमच्या अंगात वेगळे गुण होते असं नाही. आजच्या मुलाला खाली उतरवलं तर ते पार्किंगमध्ये पोचतं. तिथे चेंडू गाडीला लागला की सोसायटीचे सचिव खाली येतात, आणि पुढच्या रविवारी ‘येथे खेळण्यास मनाई आहे’ अशी पाटी लागते. महापालिकेच्या बागांमध्ये हिरवळीवर चालायला बंदी, आणि घसरगुंडीपाशी तीन वर्षांच्या मुलांची रांग. अकरा वर्षांच्या मुलाने तिथे करायचं काय? मग आपणच म्हणतो, आजकालच्या मुलांना खेळायलाच नको.

शिक्षण हक्क कायद्याने २००९ साली शाळेसाठी ज्या किमान गोष्टी ठरवल्या, त्यांत वर्गखोल्या, पिण्याचं पाणी, स्वच्छतागृहं यांच्या बरोबरीने मैदानही आहे. गावात, शहरात, वस्तीत मुलांसाठी राखलेली मोकळी जमीन शोधायला निघालात तर बहुतेक वेळा ती तुमच्या कुंपणाच्या आत सापडेल. नवी जागा घ्यायची नाही, आरक्षण टाकायचं नाही, निविदा काढायची नाही.

आता उन्हाचं बोलू, कारण तुमचा पहिला प्रश्न तोच असणार आणि तो रास्त आहे. एप्रिल-मेच्या उन्हात मुलांना मैदानावर सोडा, असं मी म्हणत नाही. अकरा ते चार मैदान बंदच हवं. उलट मी इतकी वर्षं पाहत आले आहे, की सुट्टीतली ‘सुपर लीग’ वगैरे स्पर्धा भरवणारी मोठी माणसंच पोरांना भर दुपारी दोनला टॉससाठी उभं करतात, कारण मैदान दिवसाच्या भाड्याने घेतलेलं असतं आणि सामने संपवायचे असतात. मुलं आपण होऊन खेळतात तेव्हा ऊन चढलं की सावलीत जाऊन बसतात. त्यांना उन्हात धरून ठेवतं ते वेळापत्रक.

वेळा मात्र प्रत्येक गावाने आपल्या आपण ठरवायला हव्यात. मेच्या मध्यावर नागपूरला सूर्य मुंबईच्या जवळपास अर्धा तास आधी उगवतो. पुण्यात सहा ते आठ ही सकाळची वेळ सुखाची आहे. नागपूर-चंद्रपूरला आठपर्यंत ऊन चांगलंच चटके देऊ लागतं, तिथे साडेपाचला सुरू करून साडेसातला थांबलेलं बरं. संध्याकाळीही तिकडची जमीन दिवसभराची धग ओकत असते, त्यामुळे सहाच्या आत फाटक उघडण्यात अर्थ नाही. कोकणात आणि मुंबईत पारा कमी दिसतो म्हणून फसू नका. दमट हवेत घाम वाळत नाही आणि अंग निवत नाही. हवामान खातं किनारपट्टीसाठी उष्णतेच्या लाटेचा विचार ३७ अंशांपासूनच करतं, पठारावर ४० पासून, ते उगीच नाही. लाटेचा इशारा असेल त्या दिवशी मैदान सरळ बंद ठेवावं. एक दिवस खेळ बुडाल्याने कुणाचं काही बिघडत नाही.

आणखी एक. पहिल्याच दिवशी दोन तास दामटू नये. शरीराला उन्हाळ्याची सवय व्हायला आठवडा ते दोन आठवडे लागतात, आणि दिवसभर वातानुकूलित खोलीत बसणाऱ्या मुलाला ही सवय मुळीच झालेली नसते. खेळाच्या नादात मुलांना तहान लागल्याचं कळत नाही, म्हणून दर पंधरा-वीस मिनिटांनी शिट्टी मारून पाणी प्यायला लावणारं कुणीतरी हवं. डोकं दुखणं, मळमळ, चक्कर, पायात गोळे आले की मूल सावलीत, कपडे सैल, अंगाला ओलं फडकं, घोट घोट पाणी. मूल बरळायला लागलं किंवा शुद्ध हरपली तर अंगावर पाणी ओतत राहायचं आणि १०८ला फोन करायचा. अशा वेळी तोंडात काही घालायचं नाही. एवढं फाटकाशेजारी मोठ्या अक्षरांत लिहून लावलं तर कुणालाही कळेल.

काही श्रीमंत शाळांनी मातीचं मैदान उखडून कृत्रिम हिरवळ घातली आहे. छायाचित्रात ती छान दिसते. उन्हात ती माती किंवा खऱ्या गवतापेक्षा कितीतरी जास्त तापते. ज्यांच्याकडे अजून माती आहे त्यांनी स्वतःला भाग्यवान समजावं आणि कुंपणाच्या कडेने कडुलिंब लावावेत.

मुलं तिथे येऊन काय करतील? तुम्हाला वाटेल, क्रिकेट. करतीलच. पण तीस वर्षं क्रीडाशिक्षिका होते म्हणून सांगते, लहान मैदानावरच्या क्रिकेटमध्ये एक फलंदाज खेळतो, एक गोलंदाज खेळतो, आणि बाकीचे उभे राहून स्वतःच्या पाळीची वाट बघतात. ज्याची बॅट त्याची पाळी दोनदा. व्यायाम म्हणून पाहिलं तर हा खेळ अगदी कंजूष आहे.

त्याच्या शेजारी खो-खो ठेवून पाहा. पूर्ण मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद. मुलांना निम्म्यातही चालतं, आणि खांब नसतील तर दोन झाडं पुरतात. आठ जण एकाआड एक उलटसुलट तोंडं करून बसलेले, नववा पाठलागावर. बसलेल्याला वाटतं आपण बसलोय, पण कुठल्या क्षणी पाठीवर खो पडेल याचा नेम नाही, त्यामुळे तो चवड्यांवरच असतो. उठायचं, पाच पावलांत पूर्ण वेग पकडायचा, खांबाला वळसा घालायचा, सूर मारायचा, पुन्हा बसायचं. धाप लागते, मांड्या भरून येतात, आणि डोकंही चालवावं लागतं, कारण पाठलाग करणाऱ्याला दिशा बदलता येत नाही आणि पळणाऱ्याला येते. या खेळाची नियमावली १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने करायला घेतली. जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या दोन्ही संघांनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवलं, आणि प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते. त्यांची नावं तुमच्या शाळेतल्या किती मुलांना ठाऊक आहेत, विचारून बघा. मी विचारलं की पोरं आयपीएलच्या संघांची नावं सांगतात.

लंगडीला तर काहीच लागत नाही. एका पायावर उड्या मारत पाठलाग करायचा म्हणजे तोल, पिंढऱ्या आणि हाडं यांचा एकत्र व्यायाम. मुलांनी आठवड्यातून तीन दिवस तरी हाडं बळकट करणारी हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटनाच म्हणते, आणि हाडांना नेमक्या अशा आदळत्या उड्याच लागतात. लगोरी, आट्यापाट्या, विषामृत, साखळी, डबा ऐसपैस, रुमाल पळवी. यांतला एकही खेळ शिकवायला प्रशिक्षक लागत नाही. एका मोठ्या मुलीला येत असला की दोन दिवसांत सगळ्यांना येतो.

शिबिरात आणि मोकळ्या मैदानात मला फरक दिसतो तो इथेच. शिबिरात सहा ते आठ वयाची तुकडी वेगळी, नऊ ते बारा वेगळी, प्रत्येकीला एक ताई किंवा दादा, आणि भांडण झालं की ताई मिटवते. मैदानावर सहावीतल्या मुलाबरोबर त्याचा पहिलीतला भाऊ येतो, कारण घरी त्याला सांभाळायला कुणी नसतं. मग त्याला ‘कच्चा लिंबू’ करतात. तो पळेल, ओरडेल, पण बाद होणार नाही. राज्य कुणावर येणार याचा वाद होतो, टाइम प्लीज घेतला की नाही यावर हमरीतुमरी होते, एकदोघं रुसून कट्ट्यावर बसतात आणि पाच मिनिटांनी परत येतात. हे सगळं मुलांनी मोठ्यांच्या मदतीशिवाय करायचं असतं. आपण जितकं कमी मध्ये पडू तितकं चांगलं. शिबिरांना माझा विरोध नाही. ज्यांना परवडतं त्यांनी जरूर पाठवावं. पण शिबिर आठ-दहा दिवसांचं आणि सुट्टी दीड महिन्याची. शिवाय धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या मुलासाठी कुठलंच शिबिर नसतं. त्याच्यासाठी असतं ते तुमचं मैदान.

मुलींबद्दल मात्र तुम्हाला थोडं जास्त करावं लागेल. नुसतं फाटक उघडलं तर आठ दिवसांत मैदान मोठ्या मुलग्यांच्या ताब्यात जाईल, हे मी लिहून देते. पुरेसं न हलणाऱ्यांचं जगभरचं ते ८१ टक्के प्रमाण मुलग्यांत ७८ टक्के आणि मुलींत ८५ टक्के आहे. सहावी-सातवीपर्यंत तुफान पळणारी मुलगी आठवीत अचानक मैदानाच्या कडेला उभी दिसते. घरचे म्हणतात, आता मोठी झाली. तिला परत आणायचं तर मैदानाचा एक भाग किंवा आठवड्याचे काही दिवस केवळ मुलींचे हवेत, तिथे एखादी बाई हजर हवी, संध्याकाळी दिवे हवेत. आणि स्वच्छतागृह उघडं हवं, पाण्यासकट. मैदान उघडून स्वच्छतागृहाला कुलूप ठेवलंत तर मुलींपुरतं मैदान बंदच आहे असं समजा. आमच्या मुली तहान लागली तरी पाणी पीत नसत, ते या एका कारणाने. उन्हाळ्यात तर ते जिवावरही बेतू शकतं.

पालकांना वजनापेक्षा चष्म्याची काळजी जास्त असते, म्हणून डोळ्यांचंही सांगते. चीनमधल्या ग्वांगझोऊ शहरात बारा शाळांमध्ये पहिलीच्या मुलांवर एक प्रयोग झाला. निम्म्या शाळांनी रोज चाळीस मिनिटं मुलांना जादा बाहेर काढलं. तीन वर्षांनी त्या शाळांतल्या ३०.४ टक्के मुलांना लघुदृष्टी आली होती. बाकीच्या शाळांत ३९.५ टक्क्यांना. २०१५ साली हे प्रसिद्ध झालं. तैवानने त्याच्याही आधी, २०१०पासून, शाळकरी मुलांना रोज दोन तास बाहेर ठेवण्याचा देशव्यापी कार्यक्रम हाती घेतला होता. यात काम करतो तो मोकळ्यावरचा उजेड. झाडाच्या सावलीतसुद्धा घरातल्या दिव्याच्या कितीतरी पट उजेड असतो, त्यामुळे डोळ्यांसाठीही दुपारच्या उन्हाची काही गरज नाही.

तुमच्या उरलेल्या हरकती मला पाठ आहेत. मूल पडलं, हात मोडला, तर जबाबदार कोण? फाटकाशी एक वही ठेवा, पालकांकडून एकदाच संमती लिहून घ्या, प्रथमोपचाराची पेटी ठेवा, आणि एक प्रौढ माणूस तिथे असू द्या. काचा फुटतील? एखाददुसरी फुटेल. सुट्टीत मैदान लग्नांना आणि प्रदर्शनांना भाड्याने देतो, त्यावर वर्षाचा किरकोळ खर्च निघतो, ही हरकत मला खरी वाटते. लहान संस्थांची ओढाताण मी जवळून पाहिली आहे. पण मांडव सकाळी सहाला क्वचितच गजबजलेला असतो, आणि महिन्याभरात लग्नाच्या तिथी असतात किती? उरलेले दिवस मुलांचे. मैदानावर वाहनं लावू देत असाल तर ते मात्र थांबवा, त्याला काही समर्थन नाही. आणि ज्या गावात मेमध्ये टँकर येतो तिथे पाणी शाळेने पुरवायची अपेक्षा नाही. ज्याने त्याने बाटली आणावी.

हे काम शिपाईमामांच्या गळ्यात फुकट मारू नका, ही वेगळी विनंती. त्यांनाही सुट्टी आहे, त्यांनाही गावी जायचं असतं. जादा तासांचे पैसे द्या, नाहीतर पालकांची आळीपाळी लावा. बी.पी.एड.च्या विद्यार्थ्यांना मुलं हाताळायचा सराव हवाच असतो. माजी विद्यार्थी संघ दरवर्षी स्नेहमेळाव्यात ‘शाळेसाठी काय करू’ विचारतो, त्याला हे सांगा.

यात अनोखं काही नाही. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली आणि पुण्याचं महाराष्ट्रीय मंडळ १९२४ साली उभं राहिलं ते लोकांच्या हौसेवर आणि वर्गणीवर; अमरावतीची तुकडी तर १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जगाला हुतूतू दाखवून आली. न्यूयॉर्क महापालिकेने २००७पासून शाळांची अंगणं शाळा सुटल्यावर आणि सुट्टीत वस्तीतल्या मुलांना खुली करायला घेतली. मला सगळ्यात भावते ती जपानची रीत. तिथे १९२८पासून रेडिओवर सकाळी कवायत लागते. उन्हाळी सुट्टीत साडेसहाला मुलं गळ्यात एक कार्ड अडकवून बागेत किंवा शाळेच्या मैदानावर जमतात, संगीतावर काही मिनिटं हातपाय हलवतात, आणि शेवटी कार्डावर शिक्का मारून घ्यायला रांग लावतात. कवायत अगदी साधी. पण त्या शिक्क्यापायी मूल सुट्टीतही वेळेवर उठतं, आणि घराबाहेर पडलेलं मूल मग लगेच घरी परतत नाही. आपल्या शाळांकडे शिक्के रगड आहेत.

तेव्हा मार्चमध्येच एक बैठक घ्या आणि वेळा ठरवा. सूचना शेवटच्या पेपरच्या दिवशी लावू नका, त्या दिवशी फळ्याकडे कुणी बघत नाही. आधीच्या आठवड्यात परिपाठाच्या वेळी तोंडी सांगा. कुठलं फाटक, किती ते किती, पाण्याची बाटली आणायची, आणि मूल दुसऱ्या शाळेचं असलं किंवा कुठल्याच शाळेचं नसलं तरी चालेल. चुन्याची फक्की, दोन शिट्ट्या आणि लगोरीच्या फरश्या बाहेर काढून ठेवा. पुण्यातल्या ज्या शाळेला पहिल्या आठवड्यात माणूस मिळत नसेल, तिच्यासाठी आम्ही काही निवृत्त क्रीडाशिक्षक सकाळची पाळी करायला तयार आहोत. संध्याकाळचं मात्र तुमचं तुम्ही बघा. आमचे गुडघे दिवसातून एकदाच साथ देतात.

आपली,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका, पुणे